मोटारीतला कंपनीचा सेट बदलावा का? एका जुन्या वादाचा आढावा

नवी गाडी दारात आली की सीट कव्हर आणि मॅटिंगच्या सल्ल्यांबरोबर आणखी एक सल्ला हमखास मिळतो: कंपनीचा टेप काढ आणि बाहेरून चांगला सेट बसवून घे. तितक्याच ठामपणे उलटा सल्ला देणारेही भेटतात: वायरिंगला हात लावू नकोस, वॉरंटी जाईल. दोन्ही सल्ले अनुभवातून आलेले असतात, पण हे अनुभव वेगवेगळ्या काळातल्या गाड्यांचे असतात आणि वादातली बरीचशी गफलत तिथूनच सुरू होते. मारुती ८०० मध्ये टेप बसवणाऱ्याचे शहाणपण आजच्या टचस्क्रीनच्या गाडीला जसेच्या तसे लागू पडत नाही. उलट, महागड्या गाडीच्या वायरिंगबद्दलची भीती साध्या हॅचबॅकच्या मालकाने बाळगण्याचेही कारण नसते. या लेखात वादाची पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि अनिर्णित मुद्दे क्रमाने मांडले आहेत. माझा निष्कर्ष आधीच सांगतो. आवाजाच्या दर्जाचा प्रश्न मोजमापांनी बराचसा सोडवला आहे. गाडीच्या विद्युत जाळ्यात मालकाने कुठपर्यंत हात घालावा आणि पुढची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र अजून लोंबकळतो आहे.

रिकाम्या खाचेचा काळ

मोटारीत संगीत आणले ते मोटार कंपन्यांनी नव्हे. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. पुढे कंपनीनेच ते नाव घेतले. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टने असाच रेडिओ काढला. गाडी एकाने बनवायची आणि संगीत दुसऱ्याने बसवायचे, ही कामाची वाटणी इथे पडली आणि पुढची अनेक दशके टिकली. ती टिकण्याचे एक साधे कारण होते डॅशबोर्डमधली खाच. जर्मन मानकातून आलेले सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असे माप पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाले. जपानी गाड्यांमुळे त्याच्या दुप्पट उंचीची खाचही रुळली. खाचेचे माप ठरलेले, मागचे कपलर ठरलेले आणि स्पीकरच्या तारांचे रंगही बऱ्याच अंशी ठरलेले, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा सेट कुठल्याही गाडीत अर्ध्या तासात बसे.

भारतात ही वाटणी आणखी पक्की होती, कारण इथे बहुतेक गाड्या संगीताविनाच विकल्या जात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो की डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० असो, साध्या मॉडेलमध्ये टेपची जागा झाकणाने बंद केलेली असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तर रेडिओ बाळगायलाही परवाना लागे. साहजिकच टेप बसवणे हा गाडी खरेदीचाच पुढचा टप्पा होता. मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर आणि दिल्लीत करोल बाग या बाजारांची भरभराट त्यातूनच झाली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या मागच्या काचेखाली लाकडी फळीवर बसवलेले अंडाकृती स्पीकर आणि जीपच्या मागची बेसट्यूब ही त्या काळाची देणगी. चोरट्यांचा डोळाही टेपवरच असे, म्हणून पुढचा चेहरा काढून खिशात टाकता येईल असे सेट निघाले. २००१-०२ मध्ये खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या आणि ज्यांना कॅसेटचे सोयरसुतक नव्हते त्यांनाही गाडीत सेट हवासा वाटू लागला. या सगळ्या काळात सेट बसवावा का, हा प्रश्न कुणी विचारत नसे. कोणता आणि कितीला, एवढेच विचारले जाई.

खाच बुजली

बदल दोन बाजूंनी आला. एक बाजू वायरिंगची. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली. तिच्यात गाडीतले निरनिराळे नियंत्रक प्रत्येकी वेगळी तार न ओढता दोन तारांच्या सामाईक जाळ्यावर एकमेकांशी बोलतात. आधी इंजिन आणि ब्रेक त्या जाळ्यावर आले, मागून स्टीअरिंगवरची बटणे, दारे, वातानुकूलन आणि शेवटी संगीताचा सेटही आला. दुसरी बाजू पडद्याची. अॅपल कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आले, आणि गाणे, नकाशा, फोन व मागचा कॅमेरा एकाच काचेवर जमले. कंपन्यांनी त्या काचेला डॅशबोर्डच्या घडणीतच गुंफले. आज अनेक गाड्यांत आयताकृती खाच उरलेलीच नाही. एसीचे तापमान, पार्किंगच्या सूचना आणि गाडीच्या सेटिंगचे पर्याय त्याच पडद्यावर दिसतात. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना मागे घेताना इशारा देणारा सेन्सर सक्तीचा झाला, आणि काही मॉडेलमध्ये त्याचे चित्र संगीताच्या पडद्यावरच येते. असा सेट उपटला की गाण्यापलीकडचेही काही उपटले जाते.

म्हणून सेट बदलायचा का, हा प्रश्न आता तीन प्रकारच्या गाड्यांसाठी तीन वेगळे अर्थ घेतो. काहींत आजही खाच रिकामी येते किंवा साधा दोन स्पीकरचा सेट असतो. काहींत पडदा आहे, पण तो गाडीच्या इतर कामांत फारसा गुंतलेला नाही. तिसऱ्या प्रकारात पडदा म्हणजेच गाडीचा निम्मा कारभार. पुढची सगळी चर्चा वाचताना आपली गाडी यांपैकी कुठली, हे मनाशी ठरवलेले बरे.

कंपनीच्या बाजूचे म्हणणे

कंपनीचा सेट ठेवावा म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा की गेल्या दशकभरात तो खरोखरच सुधारला आहे. टाटांच्या गाड्यांत हर्मन आणि जेबीएल, ह्युंदाई आणि कियाच्या वरच्या मॉडेलमध्ये बोस, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये बारा स्पीकरची सोनीची व्यवस्था आणि २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या विजेच्या गाड्यांत सोळा स्पीकर, एवढा पल्ला भारतीय बाजाराने थोड्या वर्षांत गाठला. हर्मनचा मोटारींसाठीच्या उपकरणांचा कारखाना चाकणलाच आहे. कंपनीच्या अभियंत्याकडे बाहेरच्या फिटरला न मिळणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे गाडी घडत असतानाचा वेळ. स्पीकर दारात कुठे बसणार, दाराच्या पत्र्याला कुठे भोके राहणार, काचेवरून आवाज कसा परतणार, हे त्याला आधी ठाऊक असते, आणि त्या विशिष्ट केबिनसाठी आवाजाची छाटणी करून ती सेटमध्ये कायमची भरून ठेवता येते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. सहा एअरबॅगच्या गाडीत पडदा एअरबॅग पुढच्या काचेलगतच्या खांबापासून छताच्या कडेने धावते. ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, बसवायला फिटरच्या सर्वांत आवडीची जागा तो खांबच. तिथले आवरण काढून पुन्हा नीट न बसवल्यास काय होईल, हे अपघात झाल्याशिवाय कळत नाही. तिसरा मुद्दा हिशेबाचा: सेट गाडीच्या किमतीत आहे, त्याचा हप्ता कर्जात बसतो, तो विम्यात धरलेला असतो आणि बिघडला तर एकाच दारात तक्रार करता येते.

या मांडणीवरचा आक्षेपही नोंदवला पाहिजे. स्पीकरवर एखाद्या नामांकित कंपनीचा बिल्ला आहे, म्हणजे सगळी व्यवस्था तिने घडवली असे नसते. काही गाड्यांत ती स्पीकरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत सगळे देते, तर काहींत तिचे काम आवाजाच्या छाटणीपुरते असते. भारतातल्या कित्येक गाड्यांवर नाव दिसणाऱ्या अर्कामिस या फ्रेंच कंपनीचे काम मुख्यतः सॉफ्टवेअरचे आहे. शिवाय उत्तम व्यवस्था बहुधा फक्त टॉप मॉडेलला मिळते. सनरूफ आणि अलॉय व्हील नको असलेल्याला निव्वळ आवाजासाठी लाखभर जास्त मोजायला सांगणे, हा कंपनीच्या बाजूचा सर्वांत कच्चा दुवा आहे. बाहेरच्या बाजारावर गिऱ्हाईक जाते ते बहुतेक वेळा मधल्या मॉडेलचे, आणि त्यामागे हौसेइतकाच हिशेबही असतो.

वॉटचे गणित

बदलाच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा आकडा खोक्यावरच छापलेला असतो: ५० वॉट गुणिले ४. हा आकडा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सगळा वाद त्यात दिसतो. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये सुमारे १४.४ व्होल्ट असतात. सेटच्या आतली अॅम्प्लिफायरची चिप व्होल्टेज वाढवू शकत नाही, आहे तेवढेच दोन्ही टोकांनी उलटसुलट वापरते. म्हणजे स्पीकरला मिळणाऱ्या लहरीचे शिखर १४.४ व्होल्ट आणि परिणामी मूल्य सुमारे १० व्होल्ट. गाडीतला स्पीकर सहसा ४ ओहमचा. दहाचा वर्ग भागिले चार, म्हणजे २५ वॉट. चिपमधली गळती वजा केली की हातात १८ ते २२ वॉट उरतात. खोक्यावरचे ५० हे क्षणिक शिखराचे माप आहे. अमेरिकेत २००३ मध्ये याच गोंधळावर उपाय म्हणून सीईए-२००६ हे मानक आले. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती १ टक्क्याच्या आत, या अटींवर मोजलेला वॉट खरा मानायचा, असे ते सांगते. त्या मापाने पाहिले तर बाहेरचा पंधरा हजारांचा सेट आणि कंपनीचा साधा सेट ताकदीत जवळपास सारखेच निघतात, कारण आतली चिप एकाच जातकुळीची असते.

यातून निघणारा निष्कर्ष विक्रेत्यांना फारसा रुचणारा नाही: फक्त सेट बदलून आवाज वाढत नाही. बदल ऐकू येतो तो बहुधा दुसऱ्या कारणाने. कंपन्या लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की खालचे स्वर हळूहळू कापतील अशी तजवीज सेटमध्ये करून ठेवतात. बाहेरचा सेट असे कापत नाही, त्यामुळे पहिल्याच गाण्याला बेस भरल्यासारखा वाटतो, आणि काही महिन्यांनी मूळ स्पीकर घरघरू लागतात. ताकदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट सुमारे दहापट लागतात. वीस वॉटवरून चाळीसवर जाण्यासाठी पैसे मोजणाऱ्याला पदरात पडणारा फरक जेमतेम जाणवेल इतकाच असतो. त्याउलट ज्याची संवेदनक्षमता ३ डेसिबलने जास्त आहे असा स्पीकर घेतला, तर एकही वॉट न वाढवता तोच फरक मिळतो.

दार, अंतर आणि रस्ता

मग सुधारणा कुठे होते? बदलाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा दारात सापडतो. दारातला सहा इंची स्पीकर पुढे जितका आवाज फेकतो तितकाच मागे, पण उलट्या दिशेच्या लहरीचा. घरातल्या स्पीकरला मागे बंद पेटी असते. दारात मात्र पातळ पत्रा असतो आणि त्याला काचेच्या यंत्रणेसाठी ठेवलेली मोठी भोके असतात. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि खालच्या स्वरांत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ती भोके बंद करून पत्र्याला आतून ब्यूटाइलचे जाड पट्टे लावले की तोच स्पीकर वेगळा वाटू लागतो. याला बाजारात डॅम्पिंग म्हणतात. ते एकदा लावले की दिसत नाही आणि दाखवता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला सर्वांत शेवटी सुचवले जाते. माझ्या मते ते सर्वांत आधी सुचवायला हवे. अर्थात दारातून पाणी वाहून जाण्याच्या वाटाही त्याबरोबर बुजवल्या तर पावसाळ्यात गंज ठरलेला.

दुसरी गोष्ट अंतराची. उजव्या हाताला बसणाऱ्या चालकापासून उजव्या दारातला स्पीकर अंदाजे ९० सेंटिमीटरवर आणि डाव्या दारातला १४० सेंटिमीटरवर असतो असे धरू. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे उजवा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि गाणारा समोर न बसता चालकाच्या उजव्या गुडघ्याशी बसल्यासारखा भासतो. डीएसपी नावाचा प्रक्रियक उजव्या बाजूला तेवढाच उशीर देतो आणि गायक डॅशबोर्डच्या मधोमध येतो. चांगल्या कंपनी व्यवस्थेत हे आधीच केलेले असते, साध्यात नसते. त्याला मर्यादाही आहे: चालकासाठी जुळवलेला उशीर शेजारी बसणाऱ्यासाठी उलटा पडतो.

तिसरी गोष्ट रस्त्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दोन्ही काँक्रीटचे. त्यांच्यावर टायरचा घरघराट डांबरी रस्त्यापेक्षा जास्त येतो, आणि त्याचा जोर नेमका खालच्या स्वरांत असतो. डग्ग्याचा घुमार आणि पुरुषी आवाजाचा खर्ज त्यात बुडतो, आणि मग आपण सगळाच आवाज वाढवतो. अशा वेळी बेस भरून काढणारा सबवूफर, निदान सीटखाली बसणारा छोटा, ही निव्वळ चैन म्हणता येत नाही. त्याने एकूण आवाज कमी ठेवूनही संगीत पूर्ण ऐकू येते.

या सगळ्यावर गंभीर आक्षेप येतो तो आपल्या कानांवरच. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की स्पीकर डोळ्यांनी पाहून दिलेले गुण आणि पडद्याआड ऐकून दिलेले गुण वेगळे पडतात. दिसणारा आकार आणि माहीत असलेले नाव मत फिरवतात. मोटारीत पडद्याआडची तुलना करणे अवघड, कारण एकाच दारात दोन स्पीकर बसवून क्षणात अदलाबदल करता येत नाही. तेव्हा साठ हजार खर्च केलेल्या माणसाने ‘जमीन-अस्मानाचा फरक आहे’ म्हटले, तर ती साक्ष जपूनच घ्यावी. मात्र या आक्षेपाने डॅम्पिंग किंवा उशिराची जुळवणी खोटी ठरत नाही, कारण ते फरक मायक्रोफोनलाही दिसतात. तो लागू पडतो महागड्या तारा, सोनेरी कपलर आणि सेटच्या नावांमधल्या सूक्ष्म फरकांना.

मधली वाट

गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंच्या मधला एक मार्ग रुळला आहे आणि जाणकार फिटरांचा कल त्याकडे झुकलेला दिसतो. कंपनीचा पडदा जागेवर ठेवायचा. त्यातून स्पीकरकडे जाणारा संकेत मधेच घेऊन डीएसपी असलेल्या छोट्या अॅम्प्लिफायरला द्यायचा आणि पुढचे सगळे बदलायचे. कंपनीने केलेली बेसची काटछाट हा प्रक्रियक बऱ्याच अंशी भरून काढतो. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार हार्नेस मिळतात, म्हणजे काम कपलर टू कपलर होते आणि एकही तार कापावी लागत नाही. कॅमेरा, स्टीअरिंगची बटणे आणि वॉरंटीचे कार्ड जागच्या जागी राहतात. नको झाले तर दोन तासांत गाडी मूळ पदावर आणता येते.

उलट टोकाला आहेत स्वस्त अँड्रॉइड पडदे. आकार मोठा, रॅमचे आकडे घसघशीत, आणि गाडीप्रमाणे तयार फ्रेम. जुन्या गाडीला नकाशा आणि कॅमेरा देण्यासाठी ते उपयोगी आहेत, हे नाकारता येत नाही. पण त्यांतल्या पुष्कळांना सॉफ्टवेअरची सुधारणा कधीच मिळत नाही, आणि तरीही त्यात फोनबुक, गुगल खाते आणि घराचा पत्ता साठतो. वाहनांच्या सायबर सुरक्षेसाठी युरोपात आर-१५५ हा नियम २०२४ च्या जुलैपासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला, पण तो गाडी बनवणाऱ्याला बांधतो. नंतर बसवलेल्या पडद्याला कोण बांधणार, याचे उत्तर त्यात नाही. लक्ष विचलित होण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये झालेल्या चाचणीत स्पर्शाने पडदा हाताळणाऱ्या चालकांचा प्रतिसाद निम्म्याहून जास्त मंदावलेला आढळला, आणि त्या चाचणीतले कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो कंपनीच्या सेटमध्येही असतातच.

वॉरंटी, विमा, कायदा

‘वॉरंटी जाईल’ हे वाक्य शोरूममध्ये सरसकट म्हटले जाते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. जवळ जाणारा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला आणि त्याच आदेशात सांगितले की स्वतंत्र गॅरेजकडे गेल्याबद्दल सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारता येईल. आदेशाला कंपन्यांनी आव्हान दिले. शिवाय त्याचा विषय सुटे भाग आणि दुरुस्ती हा होता, हौसेने बसवलेले सामान नव्हे. तरी त्यातले तत्त्व मला इथेही योग्य वाटते: स्पीकर बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाऊ नये, आणि कापलेल्या तारेमुळे नियंत्रक जळला तर कंपनीने तो भरून देऊ नये.

कंपन्यांच्या सावधगिरीलाही आधार आहे. हजार वॉटचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर बारा व्होल्टवर ऐंशी अँपिअरच्या वर प्रवाह ओढतो, आणि लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपासची असते. बॅटरीकडून डिक्कीपर्यंत जाणारी जाड तार बॉनेटमागच्या पत्र्यातून पार होताना रबरी बूच न घालता ओढली, की कंपनाने तिचे आवरण घासते. बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरात फ्यूज नसेल, तर शॉर्टसर्किट झाल्यावर ती तारच फ्यूजचे काम करते, म्हणजे पेटते. हे दोन रुपयांचे बूच आणि शंभर-दोनशे रुपयांचा फ्यूज सेटच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. विजेच्या गाड्यांत संगीताने पल्ला घटतो ही भीती मात्र फोल आहे: सरासरी शंभर वॉट धरले तरी तासाला ०.१ युनिट, आणि मुख्य बॅटरी चाळीस युनिटांची. तिथली खरी अडचण बारा व्होल्टच्या छोट्या सहायक बॅटरीची आणि तिला भरणाऱ्या कन्व्हर्टरच्या मर्यादेची आहे.

विम्याबाबत नियम स्पष्ट आहे, पण पाळला क्वचित जातो. गाडीच्या छापील किमतीत नसलेले विद्युत सामान आयएमटी २४ या कलमाखाली जाहीर करावे लागते आणि त्याच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता पडतो. जाहीर न केलेल्या सेटची चोरी झाली किंवा तो जळाला, तर भरपाई मागायला आधार राहत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे वाचले. संगीताचा सेट त्या तपशिलात येत नाही, म्हणून तो बदलणे गुन्हा ठरत नाही. पण मागची सीट काढून तिथे सबवूफरची पेटी बसवली तर आसनक्षमता बदलते, आणि ती नोंदणी पुस्तकात असते.

गाडीबाहेरचे कान

इथपर्यंतची चर्चा गाडीत बसलेल्यांची. बाहेर उभे असलेल्यांसाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या छपरावरचे कर्णे किती आवाज करतात, हे त्या भागातल्या कुणालाही सांगायला नको, आणि पोलिसांच्या कारवाईच्या बातम्याही दरवर्षी येतात. हौशी मोटारवाले स्वतःला यातून वेगळे मानतात, आणि काच बंद करून ऐकणाऱ्यांबाबत ते खरेही आहे. पण स्वतःच्या कानांचा हिशेब उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो.

काय सुटलेले नाही

आवाजापुरते सांगायचे तर क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. आधी दाराचे डॅम्पिंग आणि चांगले पुढचे स्पीकर, मग छोटा सबवूफर आणि अॅम्प्लिफायर, मग जुळवणी आणि सर्वांत शेवटी, गरज असलीच तर, सेट. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण पडदा दिसतो आणि ब्यूटाइल दिसत नाही. दोन बाजू म्हणून जे भांडतात त्यांचे पुरवठादारही बऱ्याच अंशी एकच आहेत. जेबीएल आणि सोनी कंपनीच्या दारातही आहेत आणि दुकानाच्या फळीवरही.

अनिर्णित आहे ते पुढचे. गाडीचे जाळे बंदिस्त होत चालले आहे, आणि सायबर सुरक्षेसाठी ते बंदिस्त असावे या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याच कुलपाने मालकही बाहेर राहतो. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो काढण्याचे जाहीर केले, तेव्हा या कुलपामागे व्यापारही आहे हे लपून राहिले नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहने धरली, पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे सुधारणेचा हक्क का, हे कुठल्याही नियमाने सांगितलेले नाही. बाहेरून बसवलेल्या सेटच्या वायरिंगसाठी किमान मानक आणि फिटरसाठी प्रमाणपत्र असावे का, यावरही बोलणे व्हायला हवे. गॅसकिट बसवणाऱ्याला परवाना लागतो. ऐंशी अँपिअरची तार ओढणाऱ्याला काहीच लागत नाही.

तोवर निर्णय गाडीगणिक करावा. पडदा गाडीच्या कारभारात गुंतलेला असेल तर तो ठेवून पुढचे बदलावे. खाच रिकामी असेल तर मोकळेपणाने बसवावे. दोन्ही वेळा बिलावर प्रत्येक वस्तूचे मॉडेल लिहून घ्यावे, बॅटरीजवळचा फ्यूज डोळ्यांनी पाहावा आणि विमा कंपनीला पत्र द्यावे. काढलेला मूळ सेट फ्रेम आणि स्क्रूसकट फिटरकडे न सोडता घरी आणावा. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागते.